सरांचा पोप

चांदोरकर सरांच्या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. पंच्याहत्तरी झाली की पुण्यात माणसाचा गौरवग्रंथ निघतो, त्याला इलाज नाही. संपादकांनी फोनवर विषयही देऊन टाकला : सरांचं आयर्लंडमधलं वास्तव्य. सर कोरोनात तिथे अडकले, त्या काळात त्यांनी ऑनलाइन व्याख्यानं दिली, परदेशातल्या मराठी माणसांना ज्ञानाचा आधार दिला, असं काहीतरी हृद्य लिहा म्हणाले. मी सरांच्या शेजारच्या घरात राहत होते, त्यामुळे मला सगळं जवळून दिसलं, आणि तेच तर दुखणं आहे. जवळून दिसलेलं लिहिलं तर ते ग्रंथात बसणार नाही, आणि ग्रंथात बसेल असं लिहिलं तर मला जेवण जाणार नाही. तेव्हा हे मी माझ्यापुरतं लिहिते आहे. संपादकांना काय कळवायचं ते नंतर बघू.

डब्लिनजवळच्या नावन या गावी आमची दोन घरं एकाच भिंतीने जोडलेली. पलीकडे सरांचा मुलगा निनाद, सून गौरी आणि त्यांची नऊ वर्षांची आर्या. निनाद चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, गौरी ब्लँचर्डस्टाउनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, मी शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला. मी एकटी राहणारी, त्यामुळे चहाला म्हणून गेले तरी जेवूनच परत येत असे. २०२० च्या फेब्रुवारीत निनादचे वडील तीन महिन्यांसाठी आले. आईचा गुडघा दुखत होता, इतका प्रवास झेपणार नाही म्हणून त्या पुण्यातच राहिल्या.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सर स्वयंपाकघरात उभे होते. उंच, सडसडीत, घरातसुद्धा कोट. त्यांच्या हातात साखरेचा डबा होता आणि तो कानाशी धरून ते हलवत होते. मला वाटलं, मुंग्या झाल्या असाव्यात. पण सरांची ती रीतच होती. डबा उघडून बघायची त्यांना गरज नसे, आवाजावरून आत किती आहे ते कळायचं म्हणे. डबा खाली ठेवून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, तुम्ही चहात किती साखर घेता असं विचारलं, आणि मी दोन चमचे म्हटल्यावर गौरीकडे वळून म्हणाले, ‘‘पाहुण्यांना एक.’’

तिथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. आर्याही प्रेसच म्हणे. सरांनी त्याच दिवशी विचारलं की या कपाटाची किल्ली कुणाकडे असते. किल्ली नाहीच हे कळल्यावर त्यांनी निनादकडे असं पाहिलं, जणू मुलाच्या घरात काहीतरी लाजिरवाणं सापडलं होतं. आर्या तिच्या तिथल्या हेलात म्हणाली, ‘‘आजोबा, इट्स ओन्ली अ प्रेस. नोबडी लॉक्स अ प्रेस.’’ सरांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. सर मुलांशी बोलत नसत, मुलांविषयी बोलत.

पुण्याच्या घरी भिंतीतलं एक मोठं कपाट होतं, त्याला कोठी म्हणत. तांदूळ, साखर, तूप, चहा, सुकामेवा, सगळं आत. बाहेर कुलूप. किल्ल्या सरांच्या कमरेला. रोज सकाळी आंघोळ झाली की सर कोठी उघडायचे आणि त्या दिवसाचं सामान वाटीने मापून ओट्यावर ठेवायचे. मग कुलूप लावून ओढून बघायचे. दुपारी कुणी अचानक आलं तर चहाची साखर मागायला त्यांच्या बायकोला खोलीच्या दारात उभं राहावं लागे, आणि सर लिहीत असले तर वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावं लागे. या बाई म्हणजे सुमनकाकू. त्या पोस्टात होत्या. पोस्टाच्या तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे असायची. अख्ख्या पेठेने विश्वास ठेवलेली बाई घरी आल्यावर साखर मागत होती आणि याला सर शिस्त म्हणायचे. ‘‘घर नियमावर चालतं, मायेवर नाही,’’ हे त्यांचं आवडतं वाक्य. ते म्हणताना उजव्या हाताचं बोट वर जायचं.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. मी आणि गौरी मागच्या अंगणातल्या भिंतीला दोन बाजूंनी टेकून बोलायला लागलो. सरांचा व्हिसा सरकार आपोआप वाढवत गेलं. विमानं बंद झाली. आणि मे महिन्याच्या सुरुवातीला पुण्याहून फोन आला की सरांनी तीन महिन्यांचं म्हणून ओट्यावर काढून ठेवलेलं सामान संपत आलं आहे, दुकानापुढे रांगा आहेत, कोठीत सगळं भरलेलं आहे, तर किल्ल्या कुठे ठेवल्या आहेत?

किल्ल्या नावनला होत्या. सरांनी त्या कमरेला लावून आणल्या होत्या. चाळीस वर्षांच्या सवयीने आल्या असतील असं मी मनाची समजूत घालायला तयार होते, पण गौरीने विचारलं तेव्हा सर शांतपणे म्हणाले, ‘‘मग कुणाकडे ठेवायच्या होत्या?’’ बायकोला त्यांनी फोनवर सल्ला दिला की थोडं थोडं विकत आण, कोठीतलं पावसाळ्यासाठी आहे. टाळेबंदीत किल्लीवाला मिळणं शक्य नव्हतं. काकूंनी एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि कुलूप फोडलं.

हे मला काकूंनीच सांगितलं. निनादच्या घरी पुण्याचा प्रत्येक फोन स्पीकरवर लागत असे आणि सर समोर बसून ऐकत, म्हणून गौरीने काकूंना माझा नंबर दिला होता. तोवर मी त्यांना पाहिलंही नव्हतं. हळू, जरा खरखरीत आवाज. ‘‘तिसऱ्या घावाला तुटलं गं,’’ म्हणाल्या, ‘‘मला वाटलं होतं वेळ लागेल.’’ मग म्हणाल्या की आधी त्यांनी स्वतःसाठी चहा केला आणि साखर न मोजता घातली. इतका गोड झाला की पिववेना, पण सगळा प्यायल्या.

सरांना कित्येक महिने या फुटलेल्या कुलपाचा पत्ता नव्हता. ते तेव्हा पोपमध्ये गुंतले होते. सरांनी पुण्याच्या कॉलेजात तीस वर्षं युरोपचा इतिहास शिकवला, आणि त्यांचा प्रबंध होता मध्ययुगातल्या एका पोपवर. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्या नावाचे पोप इतके होऊन गेले की पुढे आकडा लावल्याशिवाय कोण ते कळत नाही, आणि हा तर त्यातलाही आठवण्यासारखा नव्हता. काही आठवडेच गादीवर होता. सरांनी मात्र त्याला आयुष्यभर सोडलं नाही. एखाद्याचा इतका दीर्घ द्वेष करायला चिकाटी लागते, तेवढी मी त्यांना देते. मे महिन्यापासून दर शनिवारी सकाळी, म्हणजे पुण्याच्या दुपारी, सरांनी त्याच्यावर ऑनलाइन व्याख्यानमाला सुरू केली. डब्लिन, क्लोनडॉकिन, कॉर्ककडची आपली माणसं घरात बसून कंटाळलेली, त्यामुळे सुरुवातीला तीसएक जण आले. पुढे नऊ उरले. त्यातली एक मी, कारण गौरी म्हणाली की तू नसलीस तर ते मला बसवतील.

तर हा पोप. जेनोव्हाच्या बड्या घराण्यातला. काका पोप झाला आणि त्याने पुतण्याला तरुणपणीच कार्डिनल करून टाकलं. माणूस साधा धर्मगुरूसुद्धा नव्हता, त्याने कधी दीक्षाच पुरी केली नव्हती. इंग्लंडमध्ये राजा आणि सरदार एकमेकांच्या उरावर बसले होते तेव्हा त्याला तिकडे पोपचा वकील म्हणून पाठवलं. त्या अधिकारपत्रात आयर्लंडही होतं, पण तो तिथे गेल्याचं सरांना कुठे सापडलं नव्हतं. सर म्हणत, ‘‘कामचुकार.’’ पुढे मुख्य गोष्ट अशी की त्या काळी नवा पोप निवडायला कार्डिनल लोक वर्षानुवर्षं घोळ घालायचे. एकदा तर कंटाळलेल्या गावाने त्यांना कोंडलं, वरचं छप्पर काढलं, तेव्हा कुठे निवड झाली. त्या निवडीतून जो पोप आला त्याने नियमच केला : निवड होईपर्यंत सगळ्यांना कुलूपबंद ठेवायचं, आणि दिवस लांबले तर जेवण कमी करत आणायचं, शेवटी पाव आणि पाणी. सर हा नियम सांगायला लागले की त्यांचा चेहरा उजळायचा. बोट वर ते वरच. मध्ययुगात एवढी सुंदर गोष्ट दुसरी घडली नाही असं ते म्हणत.

पुढे उन्हाळ्यात रोममध्ये असंच कोंडून निवड झाली आणि त्यात सरांचा माणूस निवडून आला. तोवर तो आजारी पडला होता. नातेवाईक अभिनंदन करायला आले तर म्हणाला म्हणे, मरणाऱ्या पोपपेक्षा धडधाकट कार्डिनलकडे आला असतात तर बरं झालं असतं. आणि गादीवर बसल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर कुलपाचा नियम थांबवला. याहून चांगला नियम करतो म्हणाला. तो करायच्या आत वारला. ना दीक्षा, ना राज्याभिषेक, ना नवा नियम. मग पुढे पुन्हा गादी रिकामी राहायला लागली, गोंधळ माजला. सरांच्या मते त्या एका ढिल्या माणसाने युरोपचं नुकसान केलं. ‘‘कुलूप काढणं सोपं असतं,’’ ते कॅमेऱ्यात बघून म्हणत, ‘‘कुणीही काढतो.’’ घरातलं कुलूप निघालंय हे तेव्हा त्यांना सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

दोन घरं सोडून राहणाऱ्या मिसेस रायलींनाही सरांनी हा पोप ऐकवला. बाई ऐंशीच्या, रोज टीव्हीवर प्रार्थना ऐकणाऱ्या, डोक्याला रुमाल बांधून बागेत गुलाब छाटत होत्या. सर कुंपणापाशी उभे राहिले आणि इंग्रजीत, एकही क्रियापद न चुकवता, तुमचा हा पोप किती नालायक होता ते सांगितलं. अर्धा तास तरी लागला असेल. बाईंनी कात्री खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘आ शुअर, गॉड लव्ह हिम, ही हार्डली हॅड टाइम टु अनपॅक.’’ सर घरात येऊन म्हणाले, या लोकांना स्वतःचा इतिहास माहीत नाही. मला मात्र सबंध व्याख्यानमालेत त्या पोपविषयी ऐकलेलं तेवढंच एक शहाणं वाक्य वाटलं.

जूनमध्ये भारतात परत नेणारी खास विमानं सुरू झाली. निनादने नाव नोंदवलं, जागा मिळण्याची चिन्हं दिसली. गौरीने भिंतीपलीकडून मला ही बातमी सांगितली तेव्हा आता सुटका होणार हे तिचा चेहराच सांगत होता. त्याच दिवशी काकूंचा फोन आला. आधी गुडघ्याचं झालं, पावसाचं झालं. मग म्हणाल्या, ‘‘गौरीला त्यांचा फार त्रास होतो ना गं? होत असणारच, मला माहीत नसेल तर कुणाला? पण मृणाल, थोडे महिने त्यांना ठेवून घेता येईल का बघ ना. त्यांचं वाईट व्हावं असं नाही म्हणत मी. मला फक्त या घरात जरा राहून बघायचंय.’’

हे मी गौरीला जसंच्या तसं सांगितलं. ती तशीच आत गेली आणि निनादला म्हणाली की बाबांचं वय बघता एवढ्या गर्दीच्या विमानात पाठवणं मला बरोबर वाटत नाही. निनादने नाव काढून घेतलं. निनादला आम्ही कधी दोष देत नसू, दोष द्यायला माणूस हजर असावा लागतो. सरांना मात्र सुनेचं हे म्हणणं अगदी योग्य वाटलं. आपली काळजी घेतली जाते आहे यात त्यांना नवल वाटलं नाही.

काकूंनी त्या घरात काय केलं असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं मोठं काही नाही. दुपारी चहा केला. खाली राहणाऱ्या एकट्या म्हातारबाईंना वर बोलावलं, त्यांनाही दिला. मनात आलं तेव्हा शिरा केला. दिवाळीत लाडू वळले आणि इमारतीत ज्यांच्या घरी कोरोना होता त्यांच्या दारापुढे डबे ठेवून आल्या. फोनवर मला हे सगळं त्या अशा सांगत, की ऐकताना मला सरांचा राग येण्याऐवजी किळस यायला लागली. चाळीस वर्षांत या बाईला कुणासाठी आपणहून शिरा करता आला नव्हता.

इकडे सरांना कुलूप फुटल्याचं कळलं ते ऑक्टोबरात, निनादच्याच तोंडून. सर संतापले नाहीत. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून टेबलावर ठेवला, त्याकडे बघत बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या स्वयंपाकघराकडे वळले. त्याच सुमाराला सरकारने एकट्या राहणाऱ्यांना एका घराशी जोडून घ्यायची परवानगी दिली होती, त्यामुळे मी पुन्हा त्यांच्याकडे जाऊ लागले होते आणि माझ्या डोळ्यांदेखत हे घडलं. सरांनी नावनच्या हार्डवेअरच्या दुकानातून कडी-कोयंडा आणि कुलूप मागवलं आणि निनादने, चिपच्या कारखान्यात सूक्ष्म कामं करणाऱ्या इंजिनिअरने, ड्रिल काढून ते प्रेसला बसवून दिलं. गौरी मीटिंगमध्ये होती. खाली आली तेव्हा सर दुपारच्या चहाची साखर वाटीत काढत होते.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही, कारण भांडण झालं तर सर जातील म्हणतील आणि मग काकूंचं काय. तिने वर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांच्या मागे चहा, साखर आणि बिस्किटांचा पुडा ठेवला. चांगल्या पगाराची बाई स्वतःच्या घरात टॉवेलांमागे साखर लपवत होती. आर्यालाही ते माहीत होतं. मुलीने आईला विचारलं की आपण आजोबांना घाबरतो का. गौरीने मला हे सांगितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग एप्रिल आला. पुण्याहून रोज वाईट बातम्या. काकूंच्या इमारतीत घरटी कुणी ना कुणी पडलेलं. काकूंनी कोठी मोकळी करायला घेतली. तांदूळ, डाळ, तूप, सगळं. सकाळी खिचडीचं मोठं पातेलं चढायचं आणि आजाऱ्यांच्या दारांपुढे डबे जायचे. त्यांचं वय, गुडघा, काही ऐकत नव्हत्या. आठवडाभराने त्यांनाही ताप आला. निनादने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर काकू उशीला टेकून बसलेल्या, ओठ सुकलेले, बोलताना धाप लागत होती. गौरी रडत होती. निनाद ऑक्सिजनचा आकडा विचारत होता. सरांनी दोघांना हाताने बाजूला केलं, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, ‘‘कोठीत तूप किती उरलंय?’’

मी तिथे होते. कदाचित काळजीच त्यांना दुसऱ्या कुठल्या भाषेत करता येत नसेल, असं मी नंतर स्वतःला सांगून बघितलं. पण मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. काकूंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘‘संपलं.’’ त्यांनी एवढंच म्हणून फोन ठेवला. शेजारच्या ज्या घरांत डबे गेले होते तिथलीच माणसं बरी होऊन आळीपाळीने त्यांच्यापाशी येऊन बसली, आणि काकू त्यातून उठल्या.

सप्टेंबरमध्ये गौरी मला म्हणाली, आता माझ्याच्याने नाही होत. तिची चूक नव्हती. तिने जेवढं केलं तेवढं माझ्या ओळखीत कुणी कुणासाठी केलेलं नाही. मी काकूंना सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, ‘‘पाठव बाई पाठव, तिने फार सोसलं.’’ मग थांबल्या. ‘‘पण मला आता त्यांच्याकडे साखर मागता येणार नाही गं. आधी कशी मागत होते तेच आठवत नाही. जीभच उचलायची नाही.’’ मी विचारलं की तुम्ही काय कराल. म्हणाल्या, बघते.

सरांनी जायच्या आधी व्याख्यानमालेचा समारोप ठेवला. नऊ जण होतो. सुरू व्हायच्या वेळेला दहावी चौकट उघडली आणि त्यात काकू होत्या. खालच्या बाईंच्या नातीने त्यांना जोडून दिलं होतं. सर पुण्यात शिकवत असताना काकूंनी त्यांचं एकही व्याख्यान ऐकलं नव्हतं, त्या वेळात त्या पोस्टात असत. सरांनी बायकोला पाहिलं, घसा साफ केला आणि पोपला शेवटचा झोडपून काढला. प्रश्नांची वेळ आली. कधीच कुणाला प्रश्न नसत. काकूंनी हात वर केला, पडद्यावरचा नव्हे, खराखुरा.

‘‘मला एक सांगा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ज्यांनी तो कोंडायचा नियम केला, ते स्वतः कधी आत कोंडलेले होते का?’’

सरांना उत्तर ठाऊक होतं. दुसऱ्या व्याख्यानात त्यांनीच सांगितलं होतं की नियम करणारा पोप निवडला गेला तेव्हा तो त्या कोंडलेल्यांत नव्हताच, दूर समुद्रापलीकडे होता, त्याला निरोप धाडून बोलावून आणलं. आणि ज्याने नियम थांबवला तो त्या उन्हाळ्यात आत होता, पाव आणि पाण्यावर राहून, आजारी पडून बाहेर आलेला. एवढा अभ्यास केलेला माणूस, पण या दोन गोष्टी त्याने तीस वर्षांत एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. ‘‘प्रश्न विषयाला धरून असावेत,’’ असं म्हणून सरांनी एक बटण दाबलं आणि काकूंचा आवाज बंद केला. काकूंचे ओठ हलताना दिसत होते, त्यांना कळलंच नव्हतं. मग कुणीतरी आभार मानले आणि सगळे बाहेर पडलो.

ऑक्टोबरमध्ये सरांना डब्लिनच्या विमानतळावर सोडायला निनादबरोबर मी गेले. आपल्याकडची वडीलधारी माणसं, रोज पाच मैल चालणारी असली तरी, विमानतळावर चाकाची खुर्ची मागून घेतात. सरांनीही घेतली होती. कोट, मफलर, मास्क, आणि खुर्ची ढकलायला एक हसतमुख आयरिश तरुणी. निनाद सामानाच्या कागदपत्रांसाठी काउंटरवर थांबला होता. सरांनी मांडीवरच्या पिशवीतून एक खोका काढून मला दाखवला. आत नवं कोरं कुलूप होतं, मुठीएवढं, जड. नावनच्या त्याच दुकानातून घेतलेलं.

‘‘याच्यापुढे वरवंटा चालायचा नाही,’’ ते म्हणाले. मग मास्क खाली करून, जरा हळू आवाजात, ‘‘सवय सुटलेय तिची. आठ-पंधरा दिवस जातील. मग होईल नीट.’’

माझ्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये सकाळी आलेला काकूंचा फोटो. कोठी होती त्यात. दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट काढलेली, चौकटीचे खिळेसुद्धा उपसून भोकं बुजवलेली, आणि आत बरण्या, डबे, सगळं दारातूनच दिसेल असं उघडं. सुतार आदल्या दिवशी येऊन गेला होता. काकूंनी खाली लिहिलं होतं, ‘‘त्यांना सांगू नकोस. येऊन बघू देत.’’

‘‘कुलूप मजबूत आहे, सर,’’ मी म्हटलं.

सरांनी मान डोलावली. त्या तरुणीने ‘‘आर वी राइट, सर?’’ असं विचारून खुर्ची वळवली. कुलूप त्यांनी पिशवीत परत ठेवलं नाही. ते मांडीवर दोन्ही हातांनी धरून, पाठ ताठ ठेवून बसले होते, आणि ती त्यांना आत घेऊन गेली.